कालवडीच्या कुशीत झोपणारी मांजर

आमच्या मांजरीला पहिला झटका आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी ओट्यावर पुरणाची डाळ निवडत बसले होते. ती गोठ्यातून आली, मधेच थांबली आणि मागच्या पायांतला जोर गेल्यासारखी मटकन बसली. मग आडवी पडली. पाय ताडताड झाडायला लागली, तोंडाला फेस आला, जागच्या जागी लघवी झाली. मी सूप टाकून नुसती ओरडत राहिले.

सासूबाई मात्र शांत. "फेपरं हाय ते. चप्पल हुंगव," म्हणाल्या. माणसाला फेफरं आलं की आमच्याकडं हेच करतात, मग मांजरीला वेगळं काय करणार? मी हुंगवली. दोनेक मिनिटांत ती उठली, झोकांड्या खात चुलीपाशी गेली आणि वाटीतलं दूध चाटायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडं अशा ऐटीत पाहिलं, की औषध जणू त्यांनीच शोधून काढलं होतं.

लेक नांदायला गेली त्याच महिन्यात ही कुठून तरी आली होती. रिकाम्या घरात माझ्या मागं मागं फिरायची. नाव मी ठेवलं नाही. "ये गं" म्हटलं की यायची. लेकीलाही मी तशीच हाक मारायची. फक्त झोपायला मात्र ती माझ्याजवळ थांबायची नाही. गोठ्यात कालवडीच्या पोटाला चिकटून झोपायची आणि सकाळी त्या कालवडीचं अंग चाटत बसायची. मला तिचा, कालवडीचा, हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

वीस-बावीस दिवसांनी पुन्हा झटका आला. मग पुन्हा. मी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली, कांदा फोडून नाकाशी धरला. शेवटी दाराजवळच्या कॅलेंडरवर झटक्याच्या तारखेला लाल पेनानं गोल करायला लागले, मागचे झटकेही आठवून पोळ्यापासूनचे. त्या कॅलेंडरवर आमचा सगळा संसार असतो. गॅस कधी लावला, गाय वळूकडं नेऊन कधी भरवली, जनावरांना गोचिडाचं औषध कधी लावलं, सगळं नवरा तिथंच लिहितो.

माझे गोल बघून तो म्हणाला, "माज्या आईचं दुखणं न्हाई लिवलं कदी, मांजरीचं लिवायलीस."

"त्यांना लिहायला कशाला पाहिजे? त्या गावभर सांगतात," मी म्हणाले.

त्यालाच मोटारसायकल काढायला लावून मी तिला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. टोपलीत घातली, वरून लुगडं बांधलं. रांगेत एक म्हैस, दोन शेळ्या आणि आमची मांजर. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं आणि विचारलं, "हिच्या अंगाला काही लावता का? पिसवांचं, गोचिडाचं औषध?"

"छे हो! तेलाचं बोटसुद्धा लावत न्हाई आमी तिला," मी छाती पुढं काढून सांगितलं. नवऱ्यानंही मान हलवली. आम्ही दोघंही खरंच बोलत होतो. गोचिडाचं औषध जनावरांचं, आणि मांजर म्हणजे काही जनावर नव्हे, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की पुढं काही सुचलंच नाही. कारण कळत नाही म्हणत डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तारखा लिहून ठेवायला सांगितल्या. मी म्हणाले, लिहितेच आहे.

दिवाळीत लेक आली नाही. भाऊबीजेला नवरा बहिणीकडं गेला आणि जाताना कालवडीला औषध लावायचं काम मला सांगून गेला. मी बादलीत औषध कालवलं, फडक्यानं कालवडीचं अंग रगडून काढलं आणि हात नुसते पाण्यात बुचकळून पदराला पुसले. मांजर पायात घोटाळत होती. घर खायला उठलं होतं म्हणून तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले, तिला मांडीवर घेतलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत कितीतरी वेळ कुरवाळत राहिले.

दुपारी झटका आला आणि या वेळी तो थांबेचना. गोळी पोटात जाईना. सासूबाई स्वतः चप्पल घेऊन धावत आल्या. दिवेलागणीच्या आत ती गेली. बांधावरच्या लिंबाखाली मीच खड्डा केला आणि रडत रडत कॅलेंडरवर शेवटचा गोल काढला.

पंधरा-वीस दिवसांनी नवरा गोठ्यातून ओरडला, "अगं, गोचिडाचं औषध कवा लावलं व्हतं, बघ बरं!"

मी पान मागं उलटलं. भाऊबीजेच्या चौकटीत "गोचीड औषध" लिहिलेलं आणि त्यालाच लागून लाल गोल. आणखी मागं गेले. औषध, दुसऱ्या दिवशी गोल. औषध, गोल. थेट पोळ्यापर्यंत. मला आधी नवऱ्याचाच संताप आला. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की भाऊबीजेच्या चौकटीतलं अक्षर त्याचं नाही, माझं आहे.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्या औषधानं झालं असू शकेल, पण आता खात्रीनं काही सांगता येणार नाही. नवरा म्हणाला, "तुला काय म्हाईत व्हतं." सासूबाईंनी ती चप्पल उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

एरवी ती माझ्या मांडीवर कधी टिकायची नाही. त्या दिवशी मात्र डोळे मिटून घुरघुरत पडली होती, आणि मला वाटलं होतं, आता ही माझी झाली.