चिंचेला टांगलेले नऊ फोन

आमच्या ॲपला वीस माणसं हवी होती. फुकट, हौसेने वापरणारी वीस. ती महिनाअखेरपर्यंत मिळाली नाहीत तर माझा भागीदार निखिल बंगळुरूची नोकरी घेणार होता. त्यात त्याची चूक नव्हती, दोन वर्षं तो बायकोच्या पगारावर जगत होता. ॲप होतं जंगलात मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्यांसाठी. कोण कुठे आहे ते नकाशावर दिसायचं, आणि कुणी वेळेत परतलं नाही तर घरच्यांना इशारा जायचा. हे सगळं आम्ही नागपुरात, पंख्याखाली बसून बनवलं होतं. मग एप्रिलमध्ये, मोहाचा हंगाम चालू असतानाच, मी सकाळची एसटी धरली आणि चंद्रपूर गाठलं. साडेतीन तास लागतात. उतरल्यावर स्टँडबाहेर तर्री-पोहा खा आणि मगच पुढचा विचार करा.

पहिला मुक्काम ऊर्जानगरला, वैशालीच्या क्वार्टरमध्ये. ती माझी शाळेतली मैत्रीण, नवरा वीज केंद्रात. तिने संध्याकाळी अख्खी बिल्डिंग गोळा केली आणि चहा होईस्तोवर चौदा जणांकडून ॲप उतरवून घेतलं. मी हरखून निखिलला फोन केला. त्याने विचारलं, यातले मोहा वेचायला कितीजण जातात? एकही नाही. "मग ते वापरकर्ते नाहीत गं, लग्नाचे वऱ्हाडी आहेत," तो म्हणाला. मला राग आला, कारण ते खरं होतं. वैशालीने मात्र स्वतःची स्कूटी, हेल्मेट आणि दशम्यांचा डबा समोर ठेवला. अशी मैत्रीण असावी.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरी, आष्टी करत मुलचेरा. शंभरएक किलोमीटर असतील. पेट्रोल गोंडपिपरीलाच भरून घ्या. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की पुढे खनिजाच्या ट्रकांची धूळ खावी लागते, तोंडाला ओढणी हवीच. आणि सांजेच्या आत मुक्कामी पोहोचा, हा वाघांचा मुलूख आहे. मुलचेऱ्यात बंगाली वस्ती मोठी, त्यामुळे खानावळीत मोहरीतली मासळी आणि भात मिळाला, ऐंशी रुपयांत पोटभर. लॉज साधं, पण रेंज झकास.

तिथून चौदा किलोमीटरवरच्या एका गावात वैशालीच्या कामवालीची मावशी राहते, शेवंताबाई. तिच्या अंगणात मी नऊ बायकांच्या फोनमध्ये लॅपटॉपवरून ॲप घातलं. शिकवताना एक गोष्ट तीनदा बजावली: फोनला रेंज पाहिजे, रेंज नसेल तर काही उपयोग नाही. सगळ्यांनी मान डोलावली. शेवंताबाईने मला भात आणि अंबाडीची भाजी वाढली, वरून ताजा मोहा भाजून दिला. मी तृप्त होऊन लॉजवर परतले.

सकाळी पाचला लॅपटॉप उघडला तर नकाशावर नऊच्या नऊ ठिपके. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सहाला पाहिलं, ठिपके एकाच जागी. सातला तिथेच, साडेसातलाही तिथेच. मोहा वेचणाऱ्या नऊ बायका अडीच तास एका जागी कशाला उभ्या राहतील? कुणाला तरी काहीतरी झालंय आणि बाकीच्या भोवती जमल्यात, याशिवाय दुसरं काही सुचेना. फोन लावले. वाजत होते, उचलत कुणी नव्हतं. मी स्कूटी काढली. ते चौदा किलोमीटर कसे गेले, मला आठवत नाही.

ठिपक्यांची जागा म्हणजे गावाच्या तळ्याची पाळ निघाली. पाळीवर चिंच, चिंचेच्या फांदीला एक कापडी पिशवी, आणि खाली बाजेवर शेवंताबाईचे सासरे मारोतभाऊ. मी हातातल्या फोनवरून पुन्हा एक नंबर लावला. पिशवी वाजली.

"सकाळपासून वाजून राह्यले," मारोतभाऊ म्हणाले. "उचलाचे का नाई, ते मले कोणी सांगतलं नाई."

मी तिथेच पाळीवर बसले. हसू का रडू कळेना, म्हणून थोडं थोडं दोन्ही केलं. नऊच्या सुमारास बायका डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या, सगळ्याच्या सगळ्या. शेवंताबाईला माझ्या चेहऱ्याचं कोडं पडलं. गावात रेंज फक्त त्या चिंचेखाली येते. मी रेंज पाहिजे म्हणून सांगितलं, तिने ती व्यवस्थित पुरवली होती. शिवाय मोहा वेचताना सारखं वाकावं लागतं, कमरेचा फोन पडतो, हरवला तर घरी बोलणी कोण खाणार?

मग मोहाची फुलं पसरता पसरता ती बोलली. "आमी हरवत नाई बाई. एकमेकीले हाका मारत राह्यतो. हाक आली नाई का समजते." तिने एकमेकांना चिकटलेली फुलं सुटी केली. "मागच्या साली माह्या जावेले वाघानं नेलं. पलीकडच्या गावाच्या बायाइले आदल्या दिवशीच मालूम होतं का तो तिथी बसून राह्यते म्हून. जंगलातून दोन कोस, पण सांगाले कोन येईल? ते सांगणारं काई आहे का तुह्या फोनात?"

नव्हतं. दोन वर्षांत आम्ही चोवीस सोयी घातल्या होत्या, ही एक नव्हती. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या बाईबद्दल इतकी कृतज्ञता वाटली, की तिचे फुलांनी चिकट झालेले हात धरून मी बराच वेळ बसले. तिने धरू दिले.

पुढचे तीन दिवस लॉजवर बसून ॲपची मोडतोड केली. नकाशा काढला, ठिपके काढले. उरलं एक बटण: दाबा, बोला, पलीकडच्या गावचा फोन ते मोठ्याने ऐकवेल, आणि कुणी बटण दाबून उत्तर देईपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकवेल. गावाला एकच फोन, तो चिंचेलाच टांगलेला, आणि त्याचा मालक बाजेवरचा माणूस. मारोतभाऊ एका सकाळीत शिकले. पलीकडचं गाव रस्त्याने फिरून अकरा किलोमीटर. तिथे रेंज शाळेच्या ओट्यावर येते, म्हणून फोन ओट्यासमोरच्या फुलाबाईकडे दिला. तिने आधी मला जेवायला बसवलं, मग फोन हातात घेतला.

नागपूरला परतले तेव्हा निखिलने आकडा विचारला. दोन, मी म्हणाले. सोमवारी त्याला बंगळुरूच्या कंपनीला होकार कळवायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही गावांचे आवाज ॲपमधून माझ्या लॅपटॉपवर आले. आधी फुलाबाई: "नाल्यापाशी पंजे दिसले, ताजे. उद्या तिकडं येऊ नोका." सहा मिनिटांनी मारोतभाऊंचं खाकरणं आणि मग, "ऐकलं. साऱ्याइले सांगतो." मी ते निखिलला पाठवले. शनिवारी दुपारी शेवंताबाईने चिंचेखालून फोन केला. बायका नाल्याकडे गेल्या नव्हत्या. अलीकडच्या झाडांखाली मोहा कमी पडला होता, टोपल्या अर्ध्याच भरल्या. नऊच्या नऊ घरी आल्या.

या सहलीने मला काय दिलं म्हणाल तर वैशालीची स्कूटी, दोन गावांतलं दोन वेळचं जेवण आणि आमचं काम नेमकं कोणतं, हे सांगणारी एक बाई. ते ऋण आहे आणि फेडायची मला घाई नाही.

शेवंताबाईचा निरोप मी रात्रीच्या जेवणाआधी निखिलला सांगितला. त्याने वापरकर्त्यांचा आकडा विचारला नाही. तिसरं गाव कोणतं, एवढंच विचारलं.