कोरं समजून टाकलेलं पान

कोयत्याखाली ऊस पडताना मी लहानपणापासून पाहत आले होते. माणसाचा हात त्याखाली आलेला पाहिला तो मुळशीत, भर दुपारी, आमच्याच ऑफिसात.

मी उस्मानाबादकडची. लग्नानंतर सूसला राहायला आले आणि कोळवण खोऱ्यातल्या जमिनी घेणाऱ्या एका कंपनीत स्कॅनिंगला लागले. गावकऱ्यांनी आणून दिलेल्या जुन्या कागदांचे गठ्ठे मशीनला लावायचे. मशीन ते भराभर आत ओढायचं, आणि कुठला दस्त कुठे संपला हे सॉफ्टवेअर ओळखायचं. त्यासाठी दोन दस्तांच्या मध्ये जाड काळ्या पट्ट्या छापलेलं पान घालायचो. पट्ट्या दिसल्या की नवी फाईल सुरू.

ती पानं छापण्यात शाई जाते म्हणून साहेबांनी ती बंद केली. त्यांच्या जागी नुसतं कोरं पान. ते दिसलं की सॉफ्टवेअर तिथे दस्त तोडायचं आणि कोरं पान फाईलमधून टाकून द्यायचं; कागद मात्र गठ्ठ्यातच राहायचा.

"सर, जुने कागद फार पुसट आहेत. मशीन तेही कोरे धरेल," मी म्हटलं.

"काही होत नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी दोघे सख्खे भाऊ आले होते. जमिनीचा व्यवहार ठरला होता, फक्त त्यांचं जुनं वाटणीपत्र एकदा बघून सह्या करायच्या होत्या. थोरला खुर्चीत बसला. धाकटा गवत कापता कापता उठून आलेला, कमरेच्या आकडीला कोयती तशीच अडकवलेली. साहेबांनी कॉम्प्युटरवरून प्रत काढून त्याच्या हातात दिली. त्यानं बोट फिरवत वाचलं. थोरल्याचा वाटा सगळा होता. धाकट्याचा जिथे सुरू व्हायचा, तिथे दस्तच संपला होता.

"माझं पान कुटं हाय?"

"आसंल की. नीट बघ," थोरला म्हणाला.

"तूच कागद आणून दिलं हुतं. पान काढलंस व्हय रं?"

"आरं, म्या कशाला काढू?"

पुढचं एवढ्या झटक्यात झालं की मला ओरडायलाही सुचलं नाही. कोयती वर गेली, थोरल्यानं हात आडवा धरला, आणि लाकूड फुटावं तसा आवाज आला. टेबलावर रक्त उडालं. थोरला मागे हटला नाही. त्यानं दुसऱ्या हातानं लोखंडी खुर्ची उचलून भावाच्या डोक्यात घातली. धाकटा मशीनवर कोसळला, उठला आणि पुन्हा कोयती फिरवली. ती मॉनिटरवर बसली. काच फुटून माझ्या दंडात घुसली. साहेब केव्हाच दाराबाहेर पळाले होते.

मला एकदम उमगलं, पान कुठे गेलं असेल ते. मी मूळ कागदांच्या कपाटाकडे धावले. गठ्ठा ओढून काढला, दातांनी दोरी तोडली. वाटणीपत्रातलं एक पान जांभळ्या कार्बनचं होतं, शाई जवळजवळ उडालेली.

"हे बघा! मशीननं कोरं समजून टाकलं! कुणी काढलं नाही!" मी किंचाळले.

धाकट्याच्या कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरत होतं. त्याला अक्षर दिसेना.

"तुमी वाचा बाई," थोरला म्हणाला. हात त्यानं टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला होता. "मोठ्यानं वाचा. ऐकू दे त्येला."

मी पान उजेडाला धरून वाचलं. ओढ्याकडचं भातखाचर, वरचा माळ, विहिरीतला निम्मा हिस्सा, सगळं धाकट्याच्या नावे. वाचताना माझ्या दंडाचं रक्त पानावर गळत होतं. धाकट्यानं कोयती खाली टाकली आणि भिंतीला टेकून बसला.

थोरल्याची दोन बोटं गेली. त्यानं भावावर केस केली, मागे घेतली नाही. मी दंडाला टाके घालून घेऊन कामावर परतले आणि सांगून टाकलं, पट्ट्यांची पानं नसतील तर मशीनला हात लावणार नाही. साहेबांनी वर न बघता मान डोलावली. जमीन विकली गेलीच. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन सह्या केल्या.

जामिनावर सुटलेला धाकटा एकदा पौडच्या बाजारात समोर आला. कपाळावर जाड वण होता.

"ताई, तुमचा हात बरा हाय का?"

"हो, भरून आला. भाऊ कसे आहेत?"

"ठावं न्हाई. वाट बदलतोय मला बघून." थोडा थांबून म्हणाला, "म्या जरा इचारायला पायजे हुतं, न्हाई का? पान कुटंय म्हून, नीट."

तो मेथीच्या जुड्या उलटसुलट करत तिथेच उभा राहिला.