उबवणीवाले दाजी

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, अंडी उबवायचा कारखाना चालवायचे आणि तेवढ्या भांडवलावर साऱ्या सृष्टीची उत्पत्ती समजावून सांगायचे. यंत्राचं दार उघडून पाहुण्यांना आतली दमट वाफ तोंडावर घ्यायला लावायची आणि म्हणायचं, "हाच तुमचा परमेश्वर. ऊब आणि ओलावा. जीव म्हणजे निव्वळ रसायन, बाकी सगळ्या थापा." कुणी उलट शब्द काढला की तो अडाण्यात जमा.

मग एकदा अख्खी खेप मेली. पिल्लं पुरती वाढलेली, पण एकही कवच फुटलं नाही. यंत्रं ठणठणीत. पशुवैद्य बाईंनी पिल्लं चिरून पाहिली, नमुने तपासले आणि म्हणाल्या, "कारण अजून कळलेलं नाही. शोधावं लागेल."

"मग शिकलात कशाला?" दाजी खेकसले.

त्यांनी एका प्रवचनकाराला आणून यंत्रांवरून हात फिरवून घेतला. पुढची खेप चिवचिवत बाहेर आली. झालं! दाजींनी बेशरमपणे कोलांटउडी मारली. दार तेच, ताठा तोच. "विज्ञानाला जीव कधी कळायचाच नाही. चैतन्य वरून येतं!" आता शिकलेले अडाणी ठरू लागले.

एकदा मी जेवायला गेलो होतो. मेलेल्या पिल्लांची आठवण काढून दाजींनी डोळे पुसले. "एकेक जीव म्हणजे गूढ असतं रे," ते मला म्हणाले.

ताईचा वाढता हात थांबला.

"आपलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा काय म्हणाला होतात? पेशी नीट वाढल्या नाहीत, त्यात रडायचं काय?"

"तेव्हा मला ज्ञान नव्हतं."

"आताही नाही. मला कारण नकोच होतं हो. रसायनातलं नको, वरचंही नको. माझ्याजवळ बसला असतात, तरी पुरलं असतं. त्या बाईंना कळलं नाही, तर सरळ तसं म्हणाल्या. तुम्हाला जन्मात ते जमलं नाही."

दाजींनी भात पुढे ओढला. "मीठ कमी पडलंय," म्हणाले.

ताई त्याच आठवड्यात माझ्याकडे राहायला आली. पुढे दाजी फोन उचलत नाहीत म्हणून पशुवैद्य बाईंनी ताईला फोन केला. त्या खेपेची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात काहीतरी उणं होतं, एवढं त्यांना सापडलं होतं. बाकीचं शोधणं चालू होतं.

"दाजींना सांगायचं?" मी विचारलं.

"कशाला?" ताई म्हणाली. "अर्धं उत्तर त्यांना पचत नाही."