गुहेची टाकी

धुकं इतकं दाट होतं, की मत्स्यालयाच्या पायऱ्या चढताना थोरलीला आपलेच पाय दिसेनात. आत येऊन तिने बाह्या सारल्या आणि टाक्यांच्या काचा पुसायला घेतल्या. पुसत पुसत गुहेच्या टाकीपाशी आली आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

त्या टाकीत समुद्राखालच्या अंधाऱ्या गुहांत राहणारे मासे होते. बोटभर, तांबूस आणि लाजाळू तरी किती! खडकाच्या छताला पोट लावून उलटे पोहायचे. नवखी माणसं मासा मेला म्हणून सांगत यायची. थोरलीने त्यांना वर्षानुवर्षं खाऊ घातलं, पण तिच्यासमोर एकाने कधी तोंड बाहेर काढलं नाही. आणि गुडघा धरला म्हणून ती चार दिवस घरी काय बसली, तिच्या जागी बदलीवर आलेल्या धाकट्या जावेच्या बोटांतून मेले खुशाल घास घेऊ लागले. बरं, ही करते काय? काही नाही. पाण्यात हात धरून नुसती उभी राहते.

तेव्हापासून थोरली तिला पाण्यात पाहायची. घरात सासूपासून पोरांपर्यंत सगळे धाकटीचेच, आता मासेसुद्धा. आज मत्स्यालयाचे साहेब स्वतः बघायला येणार होते, म्हणून धाकटीलाही बोलावलं होतं. मासे धाकटीच्या हातावर आले, की ती टाकी कायमची तिची.

धाकटी कपडे बदलून येईस्तोवर थोरलीने बारीक केलेली कोळंबी काढली आणि कपारीत मुठीमुठीने सोडली.

"गिळा," ती पुटपुटली. "गळ्यापर्यंत गिळा."

साहेब आले. धाकटीने पाण्यात हात धरला. गार पाण्याने हात लाल झाला, साहेब घड्याळाकडे बघू लागले, पण एक शेपूट हललं नाही. थोरलीचा जीव गारेगार झाला. तेवढ्यात धाकटीची नजर तळाकडे गेली. साहेबांना काचेतून अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं, तिला मात्र वरून वाळूवर बसलेला कोळंबीचा थर दिसला. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागली.

"आज त्यांना भूक नाही, साहेब," धाकटी म्हणाली. "आणि टाकी ताईंचीच आहे. मी आपली बदलीवाली."

साहेब बरं म्हणून निघून गेले.

टाकी राहिली, पण थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिने चुगली केली असती तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. आता चांगुलपणाही हिनेच पटकावला.

"मोठी आलीस उदार," ती म्हणाली.

"उदार कसली? टाकी गेली असती तर घरी तुमचं तोंड कुणी बघायचं? मलाच ना? एका चुलीवरचं खायचंय आपल्याला." धाकटीने हात पुसले. "आणि ते उरलेलं आधी काढा. पाणी नासलं तर मरतील बिचारे."

हेही हिनेच सांगायचं! थोरलीने बादली आणून आदळली. नळीचं एक टोक वाळूवर टेकवलं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढलं, खारट चूळ थुंकली आणि धार बादलीत सोडली.