कट्ट्यावर दिलेला शब्द

शिरोलीच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. म्हणजे भट्टीच्या धडधडाटात उभं राहून कामगारांना ‘कानात बोळे घाला’ म्हणून विनवायचं, ते ‘व्हय मॅडम’ म्हणतात, आणि माझी पाठ वळली की बोळे खिशात जातात. थोडक्यात, लोकांना पटवून देण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझ्या स्वतःच्या वडिलांनी, आबांनी, महिनोन्महिने मला धूळ चारावी हे फार झोंबत होतं.

आबांनी उभी हयात तसल्याच एका कारखान्यात काढली आणि कान तिथेच सोडून आले. मानायला मात्र तयार नव्हते. “मला समदं ऐकू येतंय. तुम्हीच पुटपुटताय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांचा टीव्ही लागला की मंगळवार पेठेतल्या आमच्या अख्ख्या बोळाला बातम्या फुकट मिळायच्या. एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, पण आई बोलायची थांबली होती. आधी ती ओरडून बोलायची, मग घसा बसला, आणि मग जेवायला बोलवायलाही ती ताटावर चमचा वाजवायला लागली. लग्न झाल्यापासून भांडी घासता घासता दिवसभराची गाऱ्हाणी आणि शेजारपाजारच्या भानगडी ती आबांना सांगत आलेली. आता नुसती भांडी वाजायची. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

कानाला मशीन लावा म्हणून आधी मी शहाण्यासारखी समजवायला गेले. मोबाईलवर कानाच्या आतलं चित्र दाखवलं. “शिंपला हाय की,” म्हणून आबांनी मोबाईल परत दिला. मग भीती घातली, की रस्त्यात मागून गाडी आली तर काय कराल? दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम रस्त्याच्या मधून चालायला लागले. तरुणपणी कुस्ती खेळलेला माणूस तो. समोरच्यानं ढकललं की टाच रोवायची, हे अंगातच मुरलेलं.

मग मी ढकलणं सोडलं आणि तालमीच्या कट्ट्यावर गेले. तिथे रोज संध्याकाळी आबांचं मित्रमंडळ बसतं. त्यातले चाचा हे आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार, एकाच मातीत लोळलेले, पेठेतले जुने शिंपी. त्यांना बाजूला घेऊन मी बेत सांगितला.

“मी भैरा व्हायचं व्हय?” चाचांचे डोळे असे चमकले की लाच द्यायची गरजच नव्हती. तरी रविवारचा पांढरा रस्सा त्यांनी मागून घेतलाच.

घरी येऊन मी तोंड पाडलं. “आबा, चाचांचं ऐकणं पार गेलंय हो. मशीन लावा म्हटलं की घरच्यांच्या अंगावर धावून जातात. ऐकले तर तुमचंच ऐकतील.”

आबांची छाती फुगली. संध्याकाळी ते कट्ट्यावर दाखल. मी समोरच्या भाजीवालीकडे कोथिंबीर निवडत उभी.

“लेका, डोळ्याला चष्मा घालतोस न्हवं? मग कानालाच कसली लाज?”

“आं?” चाचांनी कानामागे हात धरला.

“वहिनी बोलती आन तू भिताडागत बसतोस! तिनं बोलायचं कुणासंगं?”

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. हा मुद्दा मला कधी सुचला नव्हता. म्हणजे आबांना सगळं कळत होतं तर!

रोज नवा मुद्दा निघायला लागला. चाचा रोज जास्त बहिरे होत गेले. शेवटी भरल्या कट्ट्यावर त्यांनी डाव टाकला. “तू लावलंस तर मी लावतो. पर आधी तू.”

“लावतो की! त्यात काय!” आबा भरात बोलून गेले. कट्ट्यावर दिलेला शब्द आमच्या पेठेत मागे घेता येत नाही. घेतला तर उरलेलं आयुष्य सगळ्यांना चहा पाजत काढावं लागतं.

कानाच्या दवाखान्यात आबांच्या कानाला मशीन बसलं. ते तोंड वाकडं करून बाकावर बसले. मग आतल्या खोलीत चाचांची तपासणी झाली. तपासणारी मुलगी दार उघडून हलक्या आवाजात त्यांना म्हणाली, “काका, तुमचे कान एकदम ठणठणीत आहेत. तुम्ही कशाला आलात?”

बाहेरच्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बाकावरून आबा ताडकन उठले. “काय म्हनाली ती?”

कुणी ओरडलं नव्हतं. आबांना ऐकू आलं होतं, आणि आपल्याला ऐकू आलं हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात मशीनकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला.

“काढ की,” चाचा शांतपणे म्हणाले. “पर कट्ट्यावर काय सांगू?”

हात खाली आला. घरी येईपर्यंत आबांनी आम्हा दोघांना शिव्या घातल्या, पण सगळ्या हळू आवाजात.

जेवायची वेळ झाली. आईनं सवयीनं ताट आणि चमचा उचलला.

“वाजवू नगंस,” आबा म्हणाले. “बोल.”

आईनं चमचा खाली ठेवला. मग त्यांच्याशेजारी बसली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मी दारातून विचारलं, “काय म्हणाली?”

“तुला ऐकू आलं न्हाय?” आबा म्हणाले. “कान दाखवून घे की एकदा.”