कूलर बंद करून ऐकलेलं कॅबिनेट

मे महिन्यात चंद्रपूरच्या दुकानात कॉम्प्युटरचा आवाज ऐकू येत नाही. दाराशी माणसाएवढा कूलर घोंघावत असतो, त्यापुढे सगळीच यंत्रं शांत वाटतात. हे मला एकदा फसल्यावर कळलं.

मी सिंदेवाहीला आईबरोबर राहते. लहान मुलांना ऐकण्यासाठी इंग्रजी गोष्टी आणि धडे रेकॉर्ड करणाऱ्या एका कंपनीसाठी घरून वाचते. या कामासाठी मुलाखत नव्हती. आवाजाचा नमुना पाठवला आणि काम मिळालं. ज्या कामांना मुलाखत होती, ती मला मिळाली नव्हती. त्यामुळे हे काम टिकवायचं होतं. पण माझी दोन रेकॉर्डिंग परत आली होती, एकाच शेऱ्यासह: मागे सतत घरघर आहे. तिसरं परत आलं असतं तर यादीतून नाव गेलं असतं, तसं त्यांनी सभ्य भाषेत कळवलंही होतं.

घरघर कॉम्प्युटरची होती. वाचताना मी कूलर, पंखा, खिडकी सगळं बंद करते. मग खोली तापते, खोलीबरोबर कॉम्प्युटर तापतो आणि त्याचा पंखा जोरात फिरू लागतो. घरात एकच कूलर असल्यामुळे आईही तापते.

"झालं का व तुयं वाचून?" ती दाराबाहेरून विचारते. "जीव जाऊन राह्यला माया."

हा प्रश्नही एका रेकॉर्डिंगमध्ये आला होता, पण तो कापता आला. घरघर कापता येत नव्हती.

एप्रिलमध्ये मी चंद्रपूरहून 'सायलेंट' लिहिलेला पंखा आणला होता. दुकानदाराने तो लावून दाखवला, "आवाज आहे का?" म्हणून विचारलं, आणि मी मान हलवून नाही म्हटलं. घरी तो शेजारच्या मिक्सरसारखा वाजला.

मग मी महिनाभर कॅबिनेटबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या डब्याबद्दल वाचलं. माझं जुनं कॅबिनेट उंच आणि अरुंद होतं, समोरून बंद, मागे तळहाताएवढा पंखा. घनाच्या आकाराच्या, ठोकळ्यासारख्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किटचा पत्रा, ताटासारखा आडवा बसतो आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय त्याच्याखाली वेगळ्या कप्प्यात जातो, म्हणजे एकाची गरम हवा दुसऱ्याला लागत नाही. रुंदी असल्यामुळे समोर जेवणाच्या ताटाएवढा पंखा मावतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, आणि हळू फिरला की वाजत नाही. हे सगळं पटत होतं. पण पंख्यांबद्दल लिहिलेल्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

जुनं कॅबिनेट चादरीत गुंडाळून मी बसमध्ये मांडीवर घेतलं. कंडक्टरने विचारलं, "काय जी मॅडम, गणपती का?" मी नाही म्हटलं.

चंद्रपूरच्या दुकानात एक गिऱ्हाईक आधीच कूलरसमोर खुर्ची ओढून बसलं होतं. वयस्क माणूस, डोक्याला ओला दुपट्टा. भामरागडला त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि पावसात रस्ता बंद व्हायच्या आत त्याला प्रिंटर न्यायचा होता. हे तो दुकानदाराला सांगत होता, मी फक्त ऐकलं.

दुकानदाराने माझ्यासमोर काचेचं कॅबिनेट ठेवलं. आत तीन पंखे, तिन्ही रंग बदलणारे.

"हेच घ्या मॅडम. सगळे हेच नेऊन राह्यले."

मी वरच्या फळीवरच्या ठोकळ्याकडे बोट दाखवलं. तो त्याने नाखुशीने उतरवला. वर काळपट धूळ बसली होती.

"हा डब्बा कोणी नेत नाई. दिसाले काहीच नाई त्याच्यात." त्याने दोन्हीचे पंखे एकेका वायरीने चालू केले. "आता सांगा, आवाज आहे का?"

कोणाचाच नव्हता. माझी मान हलायला लागलीच होती. ती मी थांबवली, आणि घरून ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं.

"भाऊ, एक मिनिट कूलर बंद कराल का?"

त्याला वाटलं मला थंडी वाजते आहे. भामरागडच्या माणसाला तसं वाटलं नाही.

"काऊन जी? मी इतक्या दुरून इथी मराले आलो का?"

"मला पंखा ऐकायचा आहे," मी म्हटलं. ते फार हळू निघालं, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

दुकानदाराने माझ्याकडे बघत बटण दाबलं. कूलर घरघरत थांबला. मग छताचा पंखाही बंद करावा लागला. तिघंही घामाने निथळत होतो. बाहेर एक ऑटो गेला, तो जाईपर्यंत थांबलो.

काचेच्या कॅबिनेटमधून बारीक, टोकदार शिट्टीसारखा आवाज येत होता. ठोकळ्याजवळ मी कान नेला. खाली कुठेतरी हवा सरकल्यासारखं वाटत होतं, इतकंच. भामरागडचा माणूसही उठून आला आणि वाकला.

"हा तं बोलूनच नाई राह्यला," तो म्हणाला. "हाच घे बाई. तो लाइटवाला माह्या सासऱ्यासारखा आहे, झोपेतही शिट्टी मारते."

दुकानदार हसला आणि त्याने कूलर लावला.

जुन्यातलं सामान ठोकळ्यात बसवायला तासभर गेला. सगळं जोडून झाल्यावर मला पुन्हा विचारायचं होतं. दुसऱ्यांदा विचारणं पहिल्यापेक्षा जड गेलं असतं. पण मी तोंड उघडायच्या आत खुर्चीवरून आवाज आला, "बंद करा जी कूलर. बाईले आयकू द्या."

या वेळी आत प्रोसेसरचा पंखाही होता, त्यामुळे थोडी कुजबुज होती. मी होकार दिला.

घरी खोली बंद करून एक पूर्ण धडा वाचला. तापमान अधूनमधून पडद्यावर बघत होते. ते चढलं, एका जागी थांबलं, आणि पंख्याने वेग वाढवला नाही. धडा पाठवला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मागचा आवाज गेला आहे, पुढचे धडे पाठवत आहोत. खाली एक ओळ होती: आता प्रत्येक वाक्याआधी तुमचा श्वास ऐकू येतो, माइक थोडा दूर ठेवा.

हेडफोन लावून मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. श्वास होता. आधीही असणार, घरघरीखाली झाकलेला. प्रत्येक वाक्याआधी थोडासा आत ओढलेला, वर्गात नाव पुकारल्यावर घेतात तसा. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग माइक वीतभर मागे सरकवला आणि नवा धडा उघडला.