आईने सरळ केलेली बाटली

मंडळी, घरी स्लाइड फिल्म धुणाऱ्यांनी हे वाचाच.

आज सकाळी भुसावळच्या घरी रोल धुवायला बसलो. डेव्हलपरची बाटली काढली, तर ती टम्म फुगलेली! हवा लागून औषध खराब होऊ नये म्हणून मी ती मुद्दाम चेपून, झाकण घट्ट लावून ठेवली होती. आता आतलं औषध चहाच्या रंगाचं झालेलं.

आईला विचारलं. "अरे, पार चेमटली होती. झाकण उघडलं, सरळ करून ठेवली."

रोलमध्ये तिचेच फोटो होते. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर घेणारी आई त्या दिवशी चक्क हसली होती. म्हणून आधी रोलच्या टोकाचा तुकडा कापून धुतला. शितावरून भाताची परीक्षा. उजेड लागलेलं ते टोक काचेसारखं स्वच्छ निघायला हवं होतं. निघालं काळपट. रोल तसाच डब्यात ठेवला, औषध बाद केलं.

चिडून आईला बाटलीवरचं लाल अक्षरातलं 'विषारी' दाखवलं.

"वाचलं की! म्हणून तर साबणाने हात धुतले. पण चेपलेलीच राहू द्या, असं कुठे लिहिलंय?"

नवीन औषध कालवतोय. बाटलीवर काय काय लिहू, सांगा.